मोकळ्या मनाच्या माणसाचा रक्तदाब

“बीपी म्हणजे न बोललेल्या गोष्टींचा साठा. मन मोकळं करा, बीपी आपोआप उतरेल.” हे अलीकडे इतक्या ठिकाणी ऐकू येतं, की ते कुणी तपासून पाहिलं आहे का, असं विचारायचंही कुणाला सुचत नाही. शाळेच्या पटांगणातलं आरोग्य शिबिर असो, ज्येष्ठ नागरिकांच्या मंडळातलं व्याख्यान असो, की सकाळी मोबाइलवर येऊन पडणारा संदेश असो, सल्ला हाच. पवनारसारख्या गावात तर तो पटकन पटतो. धाम नदीच्या काठावर विनोबांचा आश्रम आहे. बाहेरून आलेला माणूस घाटावर घटकाभर बसतो आणि त्याला हलकं वाटतं. मग त्याच शांततेचा दाखला देऊन सांगितलं जातं, की मन स्वच्छ असलं की शरीर निरोगी राहतं. ज्याला रक्तदाब आहे त्याने आत काहीतरी दडपून ठेवलेलं आहे.

हे म्हणणं चुकीचं आहे आणि घातकही आहे. त्यापायी माणसं गोळ्या सोडतात, आणि ज्यांनी कुणाचं काही बिघडवलेलं नाही अशी माणसं, विशेषतः बायका, स्वतःच्या आजारासाठी स्वतःलाच दोष देत बसतात.

याचा पुरावा शोधायला पवनार सोडून जायला नको. धामच्या पात्रात छत्री उभी आहे. फेब्रुवारी १९४८ मध्ये गांधीजींच्या अस्थी इथे विसर्जित झाल्या, आणि दरवर्षी १२ फेब्रुवारीला इथे सर्वोदय मेळा भरतो. ज्यांच्या अस्थी या पाण्यात गेल्या त्यांचा रक्तदाब किती होता, हे आज छापील नोंदींत वाचता येतं. २६ ऑक्टोबर १९३७ रोजी १९४ वर १३०. १९ फेब्रुवारी १९४० रोजी २२० वर ११०. गांधीजींच्या दीडशेव्या जयंतीच्या निमित्ताने भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१९ साली त्यांच्या प्रकृतीच्या नोंदी प्रसिद्ध केल्या, त्यांतले हे आकडे. आज कुणाचा असा आकडा निघाला तर डॉक्टर त्याला समोरून हलू देणार नाहीत.

आता यांच्याइतकं मोकळं मन गेल्या शतकात कुणाचं होतं, ते सांगावं. लहानपणी केलेली चोरी, वडील मृत्युशय्येवर असताना आपण कुठे होतो ते, पत्नीवर गाजवलेली अरेरावी, हे सगळं त्यांनी आत्मकथेत लिहून जगापुढे ठेवलं. डिसेंबर १९३५ मध्ये ते वर्ध्यात, मगनवाडीत राहत होते. रक्तदाब वाढून प्रकृती ढासळली आणि डॉक्टरांनी त्यांना सक्तीची विश्रांती घ्यायला लावली. पुन्हा लिहिता येऊ लागताच, फेब्रुवारी १९३६ च्या ‘हरिजन’मध्ये त्यांनी या आजारपणावर जाहीर लेख लिहिला. आपल्या उणिवांची आपल्याला तितकी लाज वाटत नाही, जितकी त्या लोकांपासून लपवण्याची वाटली असती, अशा अर्थाचं त्यांनी त्यात म्हटलं. त्याच वर्षी प्रेमाबेन कंटकांना लिहिलेल्या पत्रांत तर त्यांनी मनातल्या विकारांबद्दल इतकं स्पष्ट लिहिलं, की आजही ते वाचताना माणूस अवघडतो. रोजची पत्रं, प्रार्थनेनंतरची भाषणं, आश्रमातल्या माणसांपुढच्या कबुल्या, हे सगळं मिळून शंभर खंड भरले आहेत. रक्तदाबाची ही दोन्ही मोजमापं याच मोकळ्या वर्षांतली.

बाकीचं आयुष्यही बघा. वजन ४७ किलोच्या आत. मांसाहार नाही, दारू नाही, तंबाखू नाही. दक्षिण आफ्रिकेत असताना सोडलेलं मीठ त्यांनी पुढे कित्येक वर्षं शिवलं नव्हतं. चालणं रोजचं आणि मैलोगणती. झोपण्या-उठण्याची शिस्त, प्रार्थना, नामस्मरण, सगळं जागच्या जागी. रक्तदाब टाळण्यासाठी माणसाने जे जे करावं असं आज सांगितलं जातं, ते जवळजवळ सगळं करणारा हा माणूस होता. तरीही २२० वर ११०.

आणि त्यावर उपाय काय केला गेला? बोलणं वाढवायला कुणी सांगितलं नाही. भेटीगाठी कमी करायला, काम थांबवायला सांगितलं. १९३८ च्या उत्तरार्धात गांधीजींनी लांबलचक मौन धरलं, त्यामागे प्रकृतीला विसावा हे मोठं कारण होतं. सर्पगंधेचे थेंब घेतल्याचं त्यांनी सुशीला नय्यर यांना पत्रात कळवलं होतं. याच सुशीलाबेन त्यांच्या डॉक्टर होत्या, आणि १९६९ साली सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय उभं केलं तेही त्यांनीच.

इथे मोकळेपणाचे पुरस्कर्ते एक उत्तर देतात. गांधीजी बोलत होते हे खरं, पण ते राग गिळत होते. अहिंसेच्या नावाखाली त्यांनी संताप आत कोंडला, ब्रह्मचर्याच्या नावाखाली वासना कोंडली, आणि ती कोंडी रक्तवाहिन्यांत उतरली. ऐकायला हे पटण्यासारखं वाटतं. पण या युक्तिवादाची चाल ओळखून ठेवा, कारण ती प्रत्येक रुग्णावर चालवली जाते. माणूस गप्प असेल तर दडपतो म्हणून बीपी. बोलत असेल तर खरं ते बोलत नाही म्हणून बीपी. रडला तर अजून पुरतं रडलेला नाही. शांत असेल तर शांतता वरवरची. रुग्णाने काहीही केलं तरी सिद्धान्त खरा आणि रुग्ण अपुरा. ज्या म्हणण्याला खोटं ठरण्याची एकही वाट ठेवलेली नाही, त्याच्या भरवशावर कुणाची गोळी बंद करू नये, एवढं तरी मान्य व्हावं.

या विचाराचा उगम शोधायला फार मागे जावं लागत नाही. फ्रान्झ अलेक्झांडर हे शिकागोचे मनोविश्लेषक. १९३९ साली त्यांनी मांडलं, की ज्याला आपला वैरभाव व्यक्तही करता येत नाही आणि सोडूनही देता येत नाही, त्याच्या शरीरात तो भाव रक्तदाब होऊन राहतो. त्यांनी स्वतः याला तात्पुरतं गृहीतक म्हटलं होतं. पुढच्या काळात हे ‘तात्पुरतं’ गळून पडलं आणि गृहीतकाचा सल्ला झाला. त्याच परंपरेत जठरातला व्रण, दमा, सांधेवात हेही कोंडलेल्या भावनांचे आजार मानले गेले. अल्सरच्या रुग्णांना कित्येक वर्षं चिंता सोडा, मन हलकं करा, असं सांगितलं जात होतं. मग १९८० च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल या डॉक्टरांनी दाखवून दिलं, की बहुतेक अल्सरांमागे एक जिवाणू आहे आणि तो प्रतिजैविकांनी मरतो. २००५ साली त्यांना नोबेल मिळालं. तोवर किती लोकांनी पोटातल्या दुखण्यासाठी आपल्या स्वभावाला दोष दिला असेल, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

रक्तदाबाच्या बाबतीत एकच जिवाणू सापडायचा नाही, कारण तो एका कारणाचा आजार नाही. आनुवंशिकता, वय, मूत्रपिंडाची मीठ बाहेर टाकण्याची क्षमता, रक्तवाहिन्यांचा ताठरपणा, वजन, झोप, दारू, हे सगळं त्यात आहे. मनही आहे, त्याकडे मी येतेच. पण आधी बोलण्याने नेमकं काय होतं ते पाहू, कारण ते मोजून ठेवलेलं आहे.

बाल्टिमोरच्या मेरीलँड विद्यापीठात जेम्स लिंच यांनी कित्येक वर्षं एक साधी गोष्ट केली. माणूस बोलत असताना आणि ऐकत असताना त्याचा रक्तदाब यंत्राने सतत मोजत राहायचं. बोलायला लागलं की बहुतेकांचा दाब चढतो, आणि ज्यांना आधीच बीपी आहे त्यांचा जास्त चढतो. गप्प राहून ऐकू लागलं की उतरतो. मूकबधिर माणसं हातांच्या खुणांनी बोलू लागली तरी हेच होतं. म्हणून तर बीपी मोजताना पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, पाच मिनिटं शांत बसायचं आणि मोजणी चालू असताना बोलायचं नाही, असा जगभरचा नियम आहे. गप्पा मारत मोजलं तर वरचा आकडा सहज दहाएकने जास्त येतो. आपल्याकडे शिबिरात नेमकं उलटं होतं. रांग लागलेली असते, कार्यकर्ता हाताला पट्टा बांधता बांधता विचारत असतो, “काय काकू, सून कशी आहे?” काकू सांगत असतात, यंत्र वारा भरत असतं, आणि कागदावर जो आकडा लिहिला जातो त्यातला काही भाग त्या सुनेचा असतो.

लिहून मन मोकळं केल्याने काय होतं, तेही पाहिलं गेलं आहे. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांचा १९८६ चा प्रयोग या क्षेत्रात फार मानला जातो आणि मोकळेपणाचे पुरस्कर्ते तो हमखास पुढे करतात. विद्यार्थ्यांना चार दिवस रोज १५ मिनिटं आयुष्यातल्या सगळ्यात क्लेशकारक प्रसंगाबद्दल लिहायला सांगितलं. ज्यांनी प्रसंगाबरोबर भावनाही लिहिल्या, ते पुढच्या सहा महिन्यांत दवाखान्यात कमी वेळा गेले. एवढं सगळे सांगतात. पण लिहून झाल्यावर लगेच त्याच विद्यार्थ्यांचा रक्तदाब इतरांपेक्षा चढलेला होता आणि मन उदास झालेलं होतं, हे त्याच निबंधात आहे आणि ते सहसा सांगितलं जात नाही. लिहिण्याचा फायदा खरा असेल. मी तो नाकारत नाही. फक्त ‘बोललात की बीपी उतरतो’ या वाक्याला तो प्रयोग आधार देत नाही.

आणि राग मोकळा केल्यावर? २००२ साली ब्रॅड बुशमन यांनी सहाशे विद्यार्थ्यांना आधी मुद्दाम चिडवलं. मग काहींना, चिडवणाऱ्याला डोळ्यांपुढे आणून ठोसे मारण्याची पिशवी बडवायला दिली, काहींना व्यायाम म्हणून तीच पिशवी बडवायला सांगितली, आणि काहींना नुसतं स्वस्थ बसवलं. सगळ्यात जास्त चिडलेले राहिले ते, ज्यांनी राग ‘मोकळा’ केला. सगळ्यात कमी आक्रमक राहिले ते, जे स्वस्थ बसले होते.

हा प्रयोग वाचल्यापासून मला आपल्या घराघरांतला एक ओळखीचा पुरुष आठवत राहतो. तो सांगतो, “मी मनात काही ठेवत नाही. जे असेल ते तोंडावर बोलतो.” जेवणात मीठ कमी पडलं तर ताट सरकवतो, पोराला कमी गुण पडले तर शेजारपाजारच्यांना ऐकू जाईल असा ओरडतो, आणि अर्ध्या तासाने सगळं विसरून टीव्ही लावतो. तो विसरतो, घर विसरत नाही. अशा माणसाला ‘मोकळा स्वभाव’ म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे, आणि त्याच्यासमोर गप्प राहणाऱ्या बायकोला ‘घुमी’. मोकळेपणाच्या व्याख्यानाला हे दोघे एकत्र बसलेले असतात. व्याख्यान संपल्यावर त्याला वाटतं आपण बरोबर आहोत. तिला वाटतं आपल्यातच काहीतरी खोट आहे. जो ओरडतो त्याच्या हृदयाचं काय, याचंही उत्तर आहे: रागाचा झटका आल्यानंतरच्या दोन तासांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका दुपटीहून जास्त वाढतो, असं बोस्टनच्या संशोधकांना १९९५ साली आढळलं. तिच्या गप्प राहण्याबद्दल मात्र व्याख्याते जितक्या ठामपणे बोलतात, तितका ठाम पुरावा कुणाकडेही नाही.

मग गप्प राहणंच बरं का? असंही मी म्हणणार नाही, आणि पवनारला राहून हा मोह टाळणं कठीण आहे. विनोबांनी २५ डिसेंबर १९७४ पासून वर्षभर मौन पाळलं. त्यांनी १९५९ साली स्थापन केलेल्या ब्रह्मविद्या मंदिरात स्त्रिया साधं, सामूहिक, शांत आयुष्य जगत आल्या आहेत. अशाच शांत आयुष्याचा एक विलक्षण अभ्यास इटलीत झाला आहे. मारिओ तिमियो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंब्रियातल्या बंदिस्त मठातल्या १४४ नन आणि आसपासच्या १३८ संसारी स्त्रिया यांचा रक्तदाब आधी वीस आणि मग तीस वर्षं मोजला. संसारी स्त्रियांचा दाब वयाबरोबर चढत गेला, जसा सगळीकडे चढतो. ननांचा जवळजवळ होता तिथेच राहिला. या स्त्रियांच्या दिवसाचा मोठा भाग मौनात जात होता.

हा अभ्यास मला फार मोलाचा वाटतो, पण त्याच्यावरून ‘मौनाने बीपी उतरतो’ असा फलक मी घाटावर लावणार नाही. त्या मठात पैशाची चिंता नव्हती, बाळंतपणं नव्हती, सासर नव्हतं, पिकाचा भाव पडला म्हणून रात्र जागावी लागत नव्हती. यातलं नेमकं कशाने काय झालं, हे वेगळं काढता येत नाही. डीन ऑर्निश यांच्या हृदयरोगावरच्या प्रसिद्ध कार्यक्रमाबाबतही मी हेच म्हणेन. डॉ. अभय बंग यांच्या ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ या पुस्तकामुळे तो मराठी घरांत पोचला, आणि त्या पुस्तकाने असंख्य लोकांना आहार, चालणं आणि ध्यान यांच्याकडे वळवलं, हे मोठं काम आहे. पण ऑर्निश यांच्या १९९० च्या अभ्यासात अत्यल्प स्निग्ध शाकाहार होता, व्यायाम होता, तंबाखू बंद होती, योगासनं होती आणि त्यासोबत एकमेकांशी मनातलं बोलण्याचे गट होते. त्यातलं फक्त शेवटचं उचलून बाकीचं विसरणाऱ्यांनी ऑर्निश यांचं नाव घेऊ नये. मठाच्या अभ्यासावरून एवढं मात्र नक्की म्हणता येतं, की अत्यंत अबोल आयुष्य जगणाऱ्या स्त्रियांचा रक्तदाब तीस वर्षं चांगला राहिला. ‘न बोललेलं साठतं आणि दाब वाढवतं’ हा नियम असता, तर हे झालं नसतं.

अलीकडे या सल्ल्याला एक नवा, शास्त्रीय दिसणारा टेकू मिळाला आहे. अमेरिकेत क्लेमसन विद्यापीठाचे जेम्स मॅककबिन आणि त्यांचे सहकारी यांनी २०११ साली शंभरेक आफ्रिकन-अमेरिकन प्रौढांना चेहऱ्यांची छायाचित्रं आणि छोटी वाक्यं दाखवली. त्यांतली भावना ओळखायची: राग, भीती, दुःख, आनंद. ज्यांचा रक्तदाब जास्त होता ते ओळखण्यात थोडे मागे पडले. संशोधकांनी याला भावनांचा बोथटपणा म्हटलं. आता याचाच अर्थ असा लावला जातो, की बीपीवाली माणसं भावनेने बंद असतात, म्हणून त्यांना बीपी होतो. हा अर्थ मूळ अभ्यासात नाही. रक्तदाब आणि भावना ओळखणं एकाच सुमारास मोजलं, तर आधी काय झालं हे कळत नाही. एक शक्य स्पष्टीकरण तर उलट्या दिशेचं आहे. मोठ्या धमन्यांच्या भिंतीत दाब ओळखणारे चेतातंतू असतात. दाब वाढला की ते मेंदूला कळवतात आणि मेंदू उत्तेजना कमी करतो. दाब जास्त असलेल्यांना वेदनाही काहीशी कमी जाणवते, हे १९८० च्या सुमारापासून दिसत आलं आहे. म्हणजे बोथटपणा असलाच, तर तो चढलेल्या दाबाचा परिणाम असण्याची शक्यता मोठी. ज्या घरात बीपीचा रुग्ण आहे तिथे या माहितीचा उपयोगही आहे: बाबांना हल्ली आपलं दुखणं पटकन कळत नाही असं वाटलं, तर ते निर्दय झाले असं समजण्याआधी त्यांचा दाब मोजावा. तोच अभ्यास उलटा धरून रुग्णाच्या स्वभावावर ठपका ठेवणं हा त्या संशोधनावर आणि त्या रुग्णावर, दोघांवर अन्याय आहे.

मनाचा आणि रक्तदाबाचा संबंध नाही असं मी म्हणत नाही. आहे, आणि तो नीट मोजला गेला आहे. अमेरिकेतल्या चार शहरांत १८ ते ३० वयाच्या तीन हजारांहून अधिक तरुण-तरुणींचा १५ वर्षं पाठपुरावा झाला आणि २००३ साली निष्कर्ष छापले गेले. सदैव घाईत, अधीर असणं आणि इतरांबद्दल वैरभाव बाळगणं, या दोन गोष्टींमुळे पुढे बीपी होण्याचा धोका वाढला. उदासी आणि चिंता यांच्यामुळे वाढला नाही. शिकागोत पन्नाशी-साठीतल्या २२९ जणांना चार वर्षं पाहिलं, तेव्हा एकटेपणा जाणवणाऱ्यांचा दाब इतरांपेक्षा जास्त चढला. घाई, वैर, एकटेपणा. यांतलं एकही, मोठ्याने बोलून टाकल्याने जात नाही. एकटेपणा जायला समोर कुणीतरी ऐकणारं लागतं, आणि तो इलाज रुग्णाच्या हातात नसतो. तो शेजाऱ्यांच्या, मुलांच्या, गावाच्या हातात असतो. ‘मन मोकळं करा’ हा सल्ला हे सगळं उचलून परत रुग्णाच्याच डोक्यावर ठेवतो.

विदर्भाला हे नवीन नाही. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी विशेष योजना जाहीर केली, त्यांत वर्धा होता. त्या काळातही कापूस पिकवणाऱ्या माणसाला सांगितलं गेलं, की घरच्यांशी बोला, मनात ठेवू नका. बोलायला हवंच होतं. पण ज्याच्या मनात बँकेची आणि सावकाराची आकडेमोड होती, त्याला बोलून ती आकडेमोड बदलणार नव्हती. मनाचे उपाय सांगणारे बाहेरच्या कारणांकडे पाठ फिरवतात, तेव्हा ते रुग्णाला एकटं पाडतात. रक्तदाबाच्या बाबतीत ही बाहेरची कारणं आपल्या चौकात दिसतात. पानठेल्यावर घोटला जाणारा खर्रा घ्या: त्यातली तंबाखू दिवसातून अनेक वेळा हृदयाचे ठोके आणि दाब वर ढकलते. लोणचं, पापड, कुरडया, खारे दाणे, फरसाण घ्या. रोजच्या खाण्यातून चार-साडेचार ग्रॅम मीठ कमी केलं, तर बीपी असलेल्या माणसाचा वरचा आकडा सरासरी पाचेकने उतरतो. एक साधी गोळी साधारण नऊने उतरवते. मन मोकळं करण्याच्या सल्ल्याचा असा आकडा कुणी मला दाखवलेला नाही.

गोळीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण नुकसान तिथेच होतं. गांधीजींच्या काळात खात्रीचं औषध नव्हतं. १९४९ साली मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेचा ५० रुग्णांवरचा अनुभव ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापला, आणि जगाचं लक्ष या आपल्या मुळीकडे गेलं. पुढच्या दहा वर्षांत आणखी औषधं आली. तरीही ती देऊन आयुष्य वाढतं का, हा प्रश्न होता. त्याचं उत्तर १९६७ साली अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांनी दिलं. खालचा आकडा ११५ ते १२९ असलेले १४३ पुरुष. ७३ जणांना औषध, ७० जणांना औषधासारखी दिसणारी पोकळ गोळी. दीड-दोन वर्षांत पोकळ गोळीच्या गटात पक्षाघात, हृदय निकामी होणं, मूत्रपिंड बिघडणं अशा २७ गंभीर घटना झाल्या. औषधाच्या गटात दोन.

म्हणून कुणी मला सांगितलं, की गांधीजी गोळ्यांशिवाय अठ्ठ्याहत्तर वर्षं जगले आणि गेले तेही गोळी झाडल्यामुळे, तर माझं उत्तर हे २७ आणि दोन आहे. एक माणूस वाचला यावरून सत्तर माणसांचं काय होईल ते कळत नाही.

आणि आज त्या औषधासाठी मुंबई-नागपूर गाठावं लागत नाही. २०१७ च्या अखेरीस देशात रक्तदाब नियंत्रणाचा जो सरकारी उपक्रम सुरू झाला, त्याच्या पहिल्या फेरीत महाराष्ट्रातून भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग यांच्याबरोबर वर्धा जिल्हा निवडला गेला होता. ठरलेल्या क्रमाने मोजकी औषधं, अॅम्लोडिपीन, टेल्मिसार्टन, क्लोरथॅलिडोन. प्रत्येक रुग्णाची नोंद. आणि तो महिन्याला परत आला की नाही यावर लक्ष. यातली सगळ्यात कठीण गोष्ट म्हणजे परत येणं. बीपी दुखत नाही. गोळी घेऊनही काही वेगळं वाटत नाही आणि सोडूनही वाटत नाही, निदान लकवा मारेपर्यंत. अशा वेळी कुणी भल्या मनाने सांगितलं, “तुझा बीपी मनातला आहे, गोळीची सवय लावून घेऊ नको, आधी मन हलकं कर,” तर गोळी सोडायला इतकं कारण पुरतं. देशपातळीवरच्या पाहणीने २०२३ साली प्रौढांमध्ये रक्तदाबाचं प्रमाण ३५.५ टक्के असल्याचं सांगितलं. म्हणजे व्याख्यानाला शंभर माणसं बसली असतील, तर पस्तीस जणांना उद्देशून हे वाक्य बोललं जातंय, आणि त्यांतल्या अनेकांना आपल्याला बीपी आहे हेही ठाऊक नसतं.

मन मोकळं करणं चांगलं आहे. मैत्रिणीजवळ रडावं, भावाला पत्र लिहावं, नवऱ्याला सांगावं की हे मला सहन होत नाही. हे सगळं माणूस म्हणून जगण्यासाठी हवं, आणि त्याला रक्तदाबाचं कारण लावायची गरज नाही. पण पन्नाशीतली बाई हाताला पट्टा बांधून समोर बसली आणि आकडा १६० वर १०० निघाला, तर तिला “मनात काय दडवून ठेवलंयस?” हा प्रश्न विचारू नका. तिला विचारायचे प्रश्न आहेत ते हे: आईला किंवा वडिलांना बीपी होता का? बाळंतपणात वाढला होता का? शेवटचा कधी मोजला, आणि तेव्हा शांत बसवून मोजला होता का? रोजच्या पानात लोणचं-पापड किती? तपकीर, खर्रा, मिश्री काही आहे का? रात्री झोप किती तास? गोळी चालू होती तर कधी सुटली, आणि का? उपकेंद्रात गेलात तेव्हा गोळ्या मिळाल्या होत्या की संपल्या म्हणून परत पाठवलं? महिन्यातून एक दिवस दवाखान्यात यायचं तर त्या दिवसाची मजुरी कोण भरून देतं?